सहा खिडक्यांची वखार

पाणी बघायला भाडं कोण देतं, हा प्रश्न मला बारामतीत इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर द्यायचं सोडून दिलं आणि रंगाऱ्याला कामाला लावलं. आमच्याकडे पाण्याचा उपयोग एकच. ते उसाला द्यायचं, नाहीतर भाजीला. खिडकीत बसून त्याच्याकडे बघत राहायचं, हे इथल्या माणसाला रिकामटेकडेपणाचं लक्षण वाटतं. मला वाटत नाही. माझं माहेर इंदापूरकडचं. मी लहान असतानाच जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की वडील आम्हा भावंडांना घेऊन जायचे आणि चिखलातून वर आलेला एक दगड दाखवून म्हणायचे, ‘हा आपला उंबरा.’ त्या दगडावर आम्ही भावंडं आळीपाळीनं उभं राहायचो. तेव्हापासून पाणी बघायची मला सवय आहे, आणि चांगली उभी असलेली भिंत पाडायला निघालेल्या माणसाचा मनापासून राग येतो.

वखार सासरची. माझ्या आजेसासऱ्यांनी कॅनॉलच्या काठाला बांधलेली, काळ्या दगडाची, हातभर जाड भिंतींची. इंग्रजांच्या काळात कॅनॉल आला, त्याच्यामागं ऊस आला, उसामागं गुऱ्हाळं आली. चारी बाजूच्या गावांतून गुळाच्या ढेपा गाड्यांत घालून इथं उतरायच्या. पुढं साखर कारखाने झाले, गूळ आटला. वखारीत आधी खताची पोती राहिली, मग सिमेंटची, मग फक्त पारवे. छताच्या तुळईला वजनकाट्याची लोखंडी आकडी तेवढी लोंबत राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हाही आत शिरलं की गुळाचा वास यायचा, आणि दगड धुऊन, चुना मारून, फरशी घासूनसुद्धा तो आजही येतो.

मी वीसेक वर्षं मेस चालवली. कॉलेजची पोरं, बँकेतले, कारखान्यातले, सगळे माझ्या हातचं जेवून गेले. पुढं गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं तेव्हा मी मेस बंद केली आणि नवऱ्याला म्हणाले, ‘आता माणसांना जेवायला नाही, राहायला घालायचं.’ नवरा म्हणाला, ‘बरं.’ आमचे हे फार गोड माणूस. त्यांचं कुठल्याही गोष्टीला पहिलं उत्तर ‘बरं’ असतं आणि दुसरं, ‘पण आबांना विचारू.’

आबा म्हणजे माझे थोरले दीर. पणदऱ्याला ऊस करतात. वखार दोघा भावांच्या नावावर, म्हणून त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांना वखार पाडून तिथं खाली गाळे आणि वर लग्नाचा हॉल काढायचा होता. शिवाय आबा जुन्या रिवाजाचे. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं तोंडावर बोलायचं नाही, हे त्यांनी इतकी वर्षं पाळलंय. मी समोर उभी असले तरी ते नवऱ्याकडे बघून बोलतात आणि नवरा मला परत तेच सांगतो, जणू मी दुसऱ्या गावात आहे.

मागच्या दिवाळीत पणदऱ्याच्या ओट्यावर हा विषय निघाला. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. आबा नवऱ्याला म्हणाले, ‘तुझ्या मालकिणीला सांग. एक साल दिलं. पुढल्या दिवाळीत पाडव्याला सांजच्याला मी कॅनॉलच्या पल्याड हुबा ऱ्हाईन. सहाच्या सहा खिडक्यांत दिवा दिसला, तर वखार ऱ्हाऊ दे. एक जरी खिडकी आंधारी दिसली, तर भाऊबीज झाली की जेसीबी लावीन. आन दिवा तितं राहणाऱ्यानंच लावल्याला पायजे. हिनं खोल्याखोल्यांतनं हिंडून लावल्याला चालायचा न्हाय.’

‘आबा म्हणतात की,’ नवऱ्यानं माझ्याकडे वळून सुरुवात केली.

‘ऐकलं मी. मंजूर म्हणावं,’ मी म्हणाले, आणि कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

मला तेव्हा जराही भीती वाटली नाही. माणसं कशी आणायची ते मला माहीत होतं. वखारीत मधे एक मजला घालून आम्ही खाली-वर मिळून सहा घरं काढली. प्रत्येक घराला एक खोली, एक स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कॅनॉलकडं उघडणारी एक मोठी खिडकी. पूर्वी त्या खिडक्यांना लोखंडी झडपा होत्या. मी त्या काढल्या आणि आत माणूस पाय वर घेऊन बसेल एवढे रुंद कट्टे करून घेतले. मधलं मोठं लाकडी दार मात्र तसंच ठेवलं. त्यातून बैलगाडी आत यायची.

भाडेकरू निवडायची माझी स्वतःची रीत आहे. एजंट लोक पगाराची स्लिप बघतात. मी माणसाला घरी जेवायला बोलावते. पिठलं, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, एवढंच. खाताना माणूस लपत नाही. जो पहिल्या घासाला ‘तिखट आहे का हो?’ विचारतो, तो पुढं नळाचा दाब, वरच्याच्या पायांचा आवाज आणि शेजारणीची फोडणी या सगळ्याची तक्रार करणार. जो ताटातलं अर्धं टाकून उठतो, त्याचा दिवा दिवसासुद्धा चालू राहणार. आणि जो जेवून ताट मोरीपर्यंत नेतो, त्याला मी विचारते, ‘कधी येताय राहायला?’ एका साहेबांना मी त्यांच्या तोंडावर नाही म्हणाले, कारण त्यांनी बायकोला वाढू दिलं नाही आणि स्वतःलाच चारदा वाढून घेतलं. नवरा म्हणाला, ‘अगं, चांगले अधिकारी होते.’ मी म्हणाले, ‘असतील. ऑफिसात.’

पहिलं घर गेलं लोणी देवकरच्या कारखान्यात काम करणाऱ्या जोडप्याला. दोघंही शिफ्टला, कंपनीची बस चौकात थांबते. दुसरं बँकेतल्या एका गृहस्थांना. त्यांची गंमत सांगते. मी कॅनॉलला पाणी असताना काढलेला फोटो फोनवरून सगळीकडं पाठवला होता. खिडकी, कट्टा आणि खाली भरून वाहणारा कॅनॉल. ते सहकुटुंब आले त्या आठवड्यात आवर्तन संपलं होतं. आमचा कॅनॉल बारमाही नाही. शेतीसाठी ठरलेल्या मुदतीला पाणी सुटतं, मग बंद होतं, मग पुन्हा सुटतं. इथल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं, त्यामुळं ते कुणाला सांगावं लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गृहस्थ नांदेडकडचे. खिडकीतून खाली बघतात तर कोरडा कॅनॉल आणि त्यात चरणाऱ्या दोन शेळ्या.

‘मॅडम, फोटोतलं पाणी कुठं आहे?’

‘शेतात,’ मी म्हणाले. ‘पुढच्या आवर्तनाला परत येईल. आलं की मी हाक मारते.’

त्यांच्या बायकोला हसू आलं आणि घर तिथंच ठरलं. त्या दिवशी मी एक धडा घेतला. जे आहे ते आधीच सांगून टाकायचं. मग मी प्रत्येकाला सांगायला लागले, की पाणी येतं आणि जातं. पावसाळी हवा आली की दगडातून गुळाचा ओलावा सुटतो, फरशी जरा चिकट लागते आणि काळे मुंगळे येतात. मुंगळ्यांवर औषध मारायचं नाही, हळद टाकायची, कारण ते तुमच्याही आधीचे राहणारे आहेत. हे ऐकून दोघंतिघं पळाले. जे राहिले ते पक्के राहिले.

आणि पाणी आलं त्या दिवशी मी खरंच हाक मारली. कोरड्या कॅनॉलमधून पाणी येताना कुणी पाहिलं नसेल तर सांगते. ते वाहत येत नाही, सरपटत येतं. पुढं पाला, फेस, एखादी तुटकी चप्पल, प्लास्टिकच्या बाटल्या, सगळा कचरा ढकलत आणि वाळकी माती पीत. सगळे भाडेकरू काठावर येऊन उभे राहिले. बँकवाल्यांच्या बायकोनं नांदेडला आईला फोन लावून ते दाखवलं. ‘आलं बघ, आई, आमचं पाणी.’ मी शेजारीच उभी होते. ‘आमचं’ ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

उरलेली घरं हळूहळू भरली. शेतकी कॉलेजच्या दोघी मुली, एक प्राध्यापक, आणि एक निवृत्त जोडपं, ज्यांना मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये करमत नव्हतं. सहावं घर मात्र अडून बसलं. येणारा बघायचा, आवडलंय म्हणायचा आणि फोन उचलायचा बंद व्हायचा. दसरा उलटला. अशात सरकारी दवाखान्यातली एक नर्स आली. मुलगी यवतमाळची, नुकतीच बदलून आलेली, एकटी. एकटी बाई म्हणून तीन ठिकाणी नाही म्हणून ऐकून आली होती. जेवायला बसली तेव्हा दमलेली होती. ठेचा मागून घेतला, ताट धुऊनच ठेवलं आणि मग ओट्यावरचं माझं पातेलंसुद्धा घासायला घेतलं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि किल्ली दिली.

सहा खिडक्या, सहा बिऱ्हाडं. करार झालेले, पोलिसांत नोंद झालेली. मी नवऱ्याला म्हणाले, ‘आबांना कळवा, जेसीबीवाल्याला दुसरं काम बघ म्हणावं.’ नवरा म्हणाला, ‘बरं.’

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी फराळाचे डबे द्यायला वखारीत गेले. बँकवाल्यांच्या दारात दोन बॅगा. ‘उद्या पहाटेच्या गाडीनं निघतोय, मॅडम. भाऊबीज करूनच येऊ.’ मी छान छान म्हणाले आणि पुढच्या दारापाशी गेले. कारखान्यातलं जोडपं साताऱ्याकडं निघालेलं. मुली आधीच गेलेल्या. प्राध्यापक सोलापूरला. निवृत्त जोडपं म्हणालं, ‘नातवाची पहिली दिवाळी, जायला हवंच.’ नर्सच्या दाराला कुलूप, ती ड्यूटीवर. मी प्रत्येकाच्या हातात डबा देत होते, तोंडानं शुभेच्छा देत होते आणि मनात विझलेल्या खिडक्या मोजत होते. दिवाळीला माणूस आपल्या घरी जातो. मेसच्या दिवसांत मी स्वतः दिवाळीची सुट्टी घ्यायची, कारण जेवायला कुणी उरतच नसे. खोल्याच खोल्या असलेल्या गल्ल्या त्या आठवड्यात काळ्याठिक्कर पडायच्या. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या बाईनं पाडव्याची पैज घ्यावी, आणि आबांसारख्या पिकल्या माणसानं पाडवाच मुदत म्हणून द्यावा. आम्हा दोघांनाही एकच सुचलं होतं, की नव्या गोष्टीला पाडवा चांगला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, ‘आबांना करार दाखवू.’

‘आबांना कागद नको, दिवा हवाय.’

‘मग आपण लावू पणत्या. त्यांना काय कळतंय पलीकडून.’

‘मला कळतंय ना,’ मी म्हणाले. भाडेकरूंना थांबा म्हणणंही मला जमण्यासारखं नव्हतं. दिवाळीला घरी निघालेल्या माणसाला आमच्या भावकीच्या भांडणासाठी अडवणारी घरमालकीण मला व्हायचं नव्हतं. मी त्यांना पैजेचं अवाक्षरही सांगितलं नाही. तीन दिवस मी करंज्या तळल्या आणि मनातल्या मनात वखारीचा एकेक दगड मोजल्यासारखा आठवत राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि रागात करंज्या चांगल्या होतात हे मात्र खरं.

पाडव्याला संध्याकाळी मी कॅनॉलच्या पल्याड जाऊन उभी राहिले. हरले तरी समोर उभं राहून हरायचं, एवढं ठरवलं होतं. नवऱ्याला मीच घरी ठेवलं. आबांच्या आणि माझ्या मध्ये उभं राहून त्यांचा जीव जायची वेळ आली असती. कॅनॉल कोरडा होता. पाण्यात दिवे चमकण्याचा प्रश्नच नव्हता.

आबांना यायला उशीर झाला. मोटारसायकल काठावरच्या कडुलिंबाखाली लावली, टोपी सारखी केली, आणि मध्ये नवरा नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ते लिंबाशी बोलले.

‘जरा उशीर झाला. शेजारच्या घराला कुलूप हाय, म्हातारी लेकाकडं पुण्याला गेलीया. तिच्या उंबऱ्यावर पणती लावल्याबिगर कसं निघायचं? सांगून गेली हुती.’

‘बरोबर आहे,’ मीही लिंबाला म्हणाले.

अंधार पडला. बाजारपेठेकडून फटाके ऐकू येत होते. समोर वखार काळी उभी होती आणि तिच्या सहा खिडक्या तिच्याहून काळ्या. आबांनी बोटानं एकेक खिडकी मोजली. जिंकल्याचा आनंद मात्र त्यांच्या तोंडावर दिसला नाही, ते मला जास्त लागलं. मी म्हणणार होते, की जेसीबी सावकाश आणा, आधी मोठं दार काढून घेते.

तेवढ्यात डावीकडच्या शेवटच्या खिडकीत उजेड झाला. ते नर्सचं घर. तिला ड्यूटी होती, तरी ती घरी आलेली असणार. एक पणती कट्ट्यावर टेकली. मला बरं वाटलं आणि वाईटही, कारण एक म्हणजे सहा नव्हेत. मग तिच्या शेजारची खिडकी उजळली. मग तिसरी. प्रत्येक वेळी आधी खोलीत उजेड हलायचा, मग हात दिसायचा, मग पणती स्थिर व्हायची. सहावी लागली तेव्हा मी तोंडावर पदर धरला.

आबा लिंबाला म्हणाले, ‘एकच बाई हिंडतीया.’

‘व्हय,’ मी म्हणाले. ‘चला, विचारू तिलाच.’

आम्ही पुलावरून पलीकडं गेलो. मी पुढं, आबा दहा पावलं मागं. नर्स जिन्यात भेटली. अंगावर दवाखान्याचाच ड्रेस, हातात काड्यापेटी, आणि ओढणीला किल्ल्यांचा जुडगा अडकवलेला. मी तिला काही विचारायच्या आतच ती म्हणाली, ‘ताई, उशीर झाला, ड्यूटी सोडवणारी रिलिव्हर वेळेवर आलीच नाही. सगळे मला बजावून गेलेत, सात वाजता लाव म्हणून. बँकवाल्या वहिनींनी तर वातसुद्धा तेलात भिजवून ठेवली होती. मुलींचा मघापासून तीनदा फोन आला, आमची लावली का म्हणून.’

‘तुला सांगितलं कुणी हे करायला?’ मी विचारलं.

‘सगळ्यांनीच. ज्यानं त्यानं. किल्ली देताना पणतीही देऊन गेले.’ तिला माझा प्रश्नच कळला नसावा. ‘कुलूप असलं तरी पाडव्याला आपलं घर अंधारात कसं ठेवायचं, ताई?’

मी आबांकडे बघितलं. म्हातारीनं सांगितलं आणि त्यांनी लावली, तसंच हे होतं. शेजारणीच्या उंबऱ्यावरची काजळी त्यांच्या बोटाला अजून तशीच होती. भाड्याच्या खोलीत कुणी पणती लावायला सांगून जात नाही. वीस वर्षांत माझ्या मेसच्या एकाही पोरानं ती सांगितली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

आबा जिना उतरून खाली गेले. मोठ्या दारापाशी थांबले. वखार चालू होती तेव्हा याच दारात पाडव्याला दिवा ठेवायचे, असं सासूबाई सांगायच्या. त्यांनी उंबऱ्यावर हात फिरवला, धूळ झटकली, टोपी काढून परत घातली. मग वर बघितलं. लिंब पलीकडच्या काठावर राहिला होता आणि नवरा घरी होता. त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘हितं न्हाय लावला तुमी.’

लग्नानंतर आबा माझ्याशी थेट बोलले, ते हे पहिलं वाक्य. नर्सनं आतून एक पणती आणून माझ्या हातात दिली. मी खाली गेले आणि ती त्यांच्या हातात ठेवली.